घेवडा पेरा, सौदा करा : ‘बोनान्झा’ पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी

पानं वाटून झाली की बहुतेकांची बोटं आपोआप चालू लागतात. सारखी पानं शेजारीशेजारी, जास्त असतील ती एका टोकाला, सुटी दुसऱ्या टोकाला. कोणालाही बोनान्झा शिकवताना मी पानं वाटायच्या आधीच ओरडते, “लावू नका!” तरी कोणीतरी लावतंच. मग सगळी पानं गोळा करायची, पिसायची, पुन्हा वाटायची. या खेळात हातातल्या पानांचा क्रम बदलता येत नाही. जे पान आधी आलं ते आधी पेरलं जाणार, नंतर आलेलं रांगेत मागे उभं राहणार. एवढा एक नियम अंगवळणी पडला की बाकीचा खेळ अर्ध्या तासात येतो, कारण बाकीचे सगळे नियम या एका अडचणीतून वाट काढण्यासाठीच आहेत.

खेळ थोडक्यात असा: तुम्ही घेवडा पिकवणारे शेतकरी. प्रत्येकाचे दोन वाफे. एका वाफ्यात एका वेळी एकच जात लावता येते. पीक वाढलं की विकायचं, नाणी जमवायची. शेवटी ज्याची नाणी जास्त तो जिंकला. 1997 मध्ये जर्मनीतल्या अमिगो या प्रकाशनाने हा खेळ आणला, रचनाकार उवे रोझेनबर्ग. याच रोझेनबर्गने पुढे 2007 मध्ये ‘अग्रिकोला’ काढला. तोही शेतीचाच, पण कितीतरी अवघड, आणि टेबल भरून पसारा मागणारा. बोनान्झाला बोर्ड नाही, फासे नाहीत. एका छोट्या डबीत 104 पानं. तरी शेती आणि विक्रीच्या खेळांची गोडी लावायची असेल तर मी नवख्यांसमोर हाच ठेवते. अग्रिकोलात माणूस खाली मान घालून आपलंच शेत बघत बसतो. इथे तसं बसलात तर हरलात.

नावातही कोटी आहे. घेवड्याला जर्मनमध्ये ‘बोने’ म्हणतात आणि बोनान्झा म्हणजे घबाड. दोन्ही शब्द एकमेकांत घुसवलेत.

आवृत्तीगणिक जाती आणि खेळाडूंची संख्या थोडीफार बदलते. मी इथे आठ जाती, 104 पानं आणि चार किंवा पाच खेळाडू धरून सांगते आहे. तिघांसाठीचे बदल डबीतल्या पत्रकात पाहून घ्या. पण पहिल्यांदा खेळताना शक्यतो चौघं-पाचजण जमवाच. सौदा करायला माणसं लागतात.

पहिली पायरी : भावपट्टी वाचायला शिका

प्रत्येक पानावर दोन गोष्टी छापलेल्या असतात. एक आकडा, म्हणजे त्या जातीची एकूण पानं किती. आणि तळाशी एक पट्टी: किती घेवडे विकले की किती नाणी मिळतील. पानं वाटण्याआधी आठही जातींचं एकेक पान टेबलावर मांडा आणि दोन मिनिटं सगळ्यांना पाहू द्या.

बागेतला घेवडा, 6 पानं: 2 विकले की 2 नाणी, 3 विकले की 3
लाल, 8 पानं: 2, 3, 4, 5 विकले की अनुक्रमे 1, 2, 3, 4 नाणी
चवळी, 10 पानं: 2, 4, 5, 6 ला 1, 2, 3, 4
सोया, 12 पानं: 2, 4, 6, 7 ला 1, 2, 3, 4
हिरवा, 14 पानं: 3, 5, 6, 7 ला 1, 2, 3, 4
कुजका, 16 पानं: 3, 5, 7, 8 ला 1, 2, 3, 4
मिरची, 18 पानं: 3, 6, 8, 9 ला 1, 2, 3, 4
निळा, 20 पानं: 4, 6, 8, 10 ला 1, 2, 3, 4

ही मराठी नावं आमच्या टेबलावर रुळलेली आहेत, तुम्ही तुमची ठेवा. पानांवरची चित्रं मात्र मूळ जर्मन नावांवरच्या कोट्या आहेत. जर्मन बोलीत बंदुकीच्या गोळीला ‘निळा घेवडा’ म्हणतात, म्हणून निळ्या पानावर काउबॉय. हिरव्याच्या जर्मन नावात जो शब्द येतो त्याचा अर्थ मोडणं असा आहे आणि ओकणं असाही, म्हणून तो बिचारा पोट बिघडल्यासारखा दिसतो.

विकताना वाफ्यातली सगळी पानं उचलायची. अर्धं पीक विकून अर्धं ठेवता येत नाही. जितकी नाणी मिळाली तितकी पानं उलटी करून स्वतःसमोर ठेवायची, कारण पानाची मागची बाजू हेच नाणं. उरलेली पानं टाकलेल्या ढिगावर जातात. नऊ मिरच्या विकल्या तर चार पानं उलटून तुमच्यापुढे, पाच ढिगावर. पाच निळे विकले तर मिळणार एकच नाणं; चारचा टप्पा ओलांडला होता, सहाचा गाठला नव्हता, पाचवं पान वाया.

आता या पट्टीतली खरी गंमत. सहा मिरच्यांना दोन नाणी, आठांना तीन आणि नवांना चार. म्हणजे सहावरून सातवर गेलात तर काहीच वाढत नाही, पण आठवरून नववर गेलात तर एका पानाला अख्खं नाणं. सोयाचंही तसंच: चारावरून पाचावर शून्य, सहावरून सातवर एक नाणं. तेव्हा “मिरचीच्या पानाची किंमत काय?” या प्रश्नाला उत्तर नाही. कोणाच्या वाफ्यात आत्ता किती मिरच्या आहेत त्यावर ती ठरते. समोरच्याच्या वाफ्यात आठ मिरच्या असतील तर तुमच्या हातातली एक मिरची त्याला नाण्याच्या भावाची आहे. सहा असतील तर नुसती उमेद. सौद्याला बसण्यापूर्वी समोरच्याचे वाफे मोजायची सवय लावा, आपले तर पाठच असतात.

दुसरी गंमत जरा उशिरा कळते. विकलेली जी पानं नाणी झाली ती खेळातून गेली. बागेतल्या घेवड्याची सहाच पानं; एकाने तीन विकून तीन नाणी घेतली की उरली तीन, संपूर्ण खेळात. पाच लाल विकले तर चार नाणी झाली, एक ढिगावर. आठातले चारच लाल आता फिरते राहिले, म्हणजे पाचांचा पूर्ण वाफा पुन्हा कोणालाच साधणार नाही. उलट दहा निळे विकले तरी सहा परत ढिगावर जातात आणि गठ्ठा संपून ढीग पिसला की पुन्हा भेटतात. महागडं बियाणं दुर्मिळ होत जातं आणि निळा-मिरची तणासारखे माजतात. सुरुवातीलाच हे दोघं मिळून 38 पानं, एक तृतीयांशाहून जास्त. त्यामुळे खेळ मध्यावर आल्यावर हातात एकुलता लाल घेवडा धरून बसणाऱ्याची मला कीव येते. त्याने आधी विचारायला हवं होतं: टेबलावर किती लाल नाणी झाली?

नवखे एक चूक हमखास करतात, दुर्मिळ जातीच्या मागे लागतात. दोन लालांना एक नाणं आणि पुढे प्रत्येक पानाला एकेक, हे दिसायला फारच छान. पण दोघांनी एकाच वेळी लाल लावला तर आठात पाच-पाच बसत नाहीत, दोघंही अडकतात. निळा कंटाळवाणा आहे, पण वीस पानांत दोघांचे दहा-दहासुद्धा बसू शकतात. पहिल्या खेळात एक वाफा सामान्य जातीला द्या आणि दुसऱ्यात काय ती हौस करा.

दुसरी पायरी : मांडणी

पिसा, प्रत्येकाला पाच पानं द्या, एकेक करून. पहिलं पान पुढे, प्रत्येक नवीन पान त्याच्या मागे. ज्या पानाचं पूर्ण चित्र तुम्हाला दिसतं ते पुढचं, असं ठरवून टाका म्हणजे गोंधळ होत नाही. बाकीचा गठ्ठा मधे. झालं.

तिसरी पायरी : पाळीचे चार टप्पे

पहिला टप्पा पेरणीचा. हातातलं सर्वांत पुढचं पान पेरायचंच. जात जुळत असेल तर वाफ्यात वाढ होते. जुळत नसेल आणि वाफा रिकामाही नसेल तर एक वाफा विकून मोकळा करायचा, मग त्यात नवं पान, भाव मिळो वा न मिळो. पहिलं पान पेरल्यावर पुढे आलेलं दुसरं पान पेरायचं की नाही ते तुमच्या मर्जीवर. तिसरं पेरता येत नाही.

दुसऱ्या टप्प्यात गठ्ठ्यातली दोन पानं उघडून टेबलावर ठेवायची. इथे बाजार भरतो. उघडलेली पानं आणि हातातली कुठलीही पानं तुम्ही इतरांना देऊ शकता, त्यांच्याकडून त्यांच्या हातातली घेऊ शकता. हातातलं पान मधूनही काढता येतं, फक्त उरलेल्यांचा क्रम हलवायचा नाही. सौदा फक्त ज्याची पाळी आहे त्याच्याशीच. बाकीच्यांनी आपापसात देवघेव करायची नाही. फुकट देणंही चालतं, पण घेणाऱ्याने नको म्हटलं तर गळ्यात मारता येत नाही.

तिसरा टप्पा: सौद्यात मिळालेली पानं प्रत्येकाने लगेच पेरायची. ती हातात जात नाहीत आणि पुढे दुसऱ्याला विकताही येत नाहीत. उघडलेल्या दोनपैकी जी कोणी घेतली नाहीत ती पाळी असलेल्यानेच पेरायची. एकाहून जास्त पानं आली असतील तर कोणतं आधी पेरायचं ते तुम्ही ठरवा.

चौथा टप्पा: गठ्ठ्यातून तीन पानं एकेक करून हाताच्या मागे लावायची. पाळी पुढे.

विक्रीला मात्र टप्पा नाही. ती कधीही करता येते, दुसऱ्याची पाळी चालू असतानाही.

चौथी पायरी : एक पाळी जवळून पाहू

नियम वाचून हा खेळ समजत नाही, म्हणून एक पाळी मांडते. चौघं बसलेत. तुमच्या वाफ्यांत तीन सोया आणि दोन मिरच्या. हातात, पुढून मागे: सोया, निळा, मिरची, निळा, बागेतला.

पुढचा सोया पेरला, चार झाले, दोन नाण्यांचा टप्पा गाठला. आता पुढे निळा आहे. तो पेरणं ऐच्छिक, आणि पेरायचा तर एक वाफा मोडावा लागेल. नकोच. पण तो पुढच्या पाळीला तुमच्या उरावर बसणार हे लक्षात असू द्या: तेव्हा तो पेरावाच लागेल. त्याच्यामागे मिरची आहे, चांगली. तिच्यामागे पुन्हा निळा.

दोन पानं उघडली: हिरवा आणि मिरची. मिरची तुमचीच, वाफा तीनवर जाईल. हिरवा काही कामाचा नाही. आता वर बघा. डावीकडच्याच्या वाफ्यात चार हिरवे आहेत. त्याला पाचवा मिळाला की एकाची दोन नाणी होतात. समोरच्या बाईंकडे पाच निळे. सहाव्याने त्यांचंही एकाचं दोन होतं.

नवखा इथे काय करतो? “हिरवा आहे, कोणी मिरची देतंय का?” एवढं विचारतो. डावीकडचा मिरची देतो, सौदा होतो, नवखा खूश. चूक काहीच नाही. पण दोन्ही निळे हातातच राहिले.

त्याऐवजी हिरव्यावर मिरची घ्याच, आणि मग समोर वळा: “दोन निळे देते, एक सोया द्या.” पहिल्या निळ्याने त्यांचं एक नाणं वाढतं, दुसऱ्याने लगेच काही नाही, पण आठाच्या दिशेने पाऊल पडतं. दोन देऊन एक मागितलंत म्हणून त्या पटकन हो म्हणतील. “सोया नाहीये माझ्याकडे,” म्हणाल्या तर? तर दोन्ही निळे फुकट द्या. खरंच. तुमचा हात आता मिरची, बागेतला असा दोनच पानांचा झाला. पुढच्या पाळीला मिरची पेरली जाईल, एकही वाफा मोडणार नाही. मिरच्या आत्ता चार, तेव्हा पाच. फुकट दिलेल्या दोन पानांनी तुमचे उभे दोन वाफे वाचवले.

पहिल्या खेळात मी सगळ्यांना पहिली फेरी हात उघडे ठेवून खेळायला लावते. अशी उदाहरणं मग आपोआप टेबलावरच घडतात.

पाचवी पायरी : सौदा करताना

काय मिळेल ते नंतर बघा. आधी बघा काय जायला हवं. हातातल्या पुढच्या दोन-तीन पानांपैकी जी तुमच्या वाफ्यांत बसत नाहीत ती तुमची देणी आहेत. पुढच्या पाळीपर्यंत ती खपवायची. मागची पानं चांगली असोत की वाईट, त्यांना अजून वेळ आहे. मी खेळताना मनात एकच यादी ठेवते: पुढे उभं असलेलं नकोसं पान आणि ते कोणाला हवंय.

पाच जणांत पाचातल्या चार पाळ्या दुसऱ्यांच्या असतात. नवख्यांना हे जाणवत नाही. आपली पाळी संपली की ते मोबाइल उघडतात. पण नकोसं पान खपवायची चार दुकानं त्याच वेळी उघडी असतात. शेजाऱ्याने दोन पानं उघडली की त्याला काय नकोय ते पाहा आणि स्वतःहून बोला: “तो कुजका मला चालेल, वर तुला एक निळा देते.” ज्याची पाळी आहे त्याला उघडलेली पानं आत्ताच्या आत्ता मार्गी लावायची असतात. घाई त्याला आहे, तुम्हाला नाही. उलट तुमच्या पाळीला घाई तुम्हाला, तेव्हा फार ताणू नका.

फुकट मिळतंय म्हणून घेऊ नका. हा सापळा पहिल्या खेळात प्रत्येकजण एकदा तरी अनुभवतो. घेतलेलं पान लगेच पेरावं लागतं. जात जुळत नसेल तर त्यासाठी उभ्या पिकावर नांगर फिरवावा लागेल. चार सोया मोडून एक निळा लावणाऱ्याला भेट मिळाली नाही, फटका बसला. “नको” म्हणायला लाजू नका, नियमाने तो तुमचा हक्क आहे.

बरोबरीचा सौदा म्हणजे एकास एक, हा हट्टही सोडा. काही जणांना दोन पानं देऊन एक घेतलं की लुबाडल्यासारखं वाटतं. माझ्या ओळखीत एक गृहस्थ आहेत, प्रत्येक सौद्यात घासाघीस करतात, एक पान जादा काढल्याशिवाय सोडत नाहीत. त्यांचा प्रत्येक सौदा चांगला असतो आणि ते कधी जिंकत नाहीत, कारण तिसऱ्या फेरीनंतर लोक त्यांच्याकडे बघतच नाहीत. दुसऱ्या कोणाकडे तेच पान असलं तर सौदा तिकडे जातो. इथे सगळ्यांसमोर व्यवहार होतात आणि लोकांच्या लक्षात राहतात.

पुढच्या पाळीला देईन असं वचन देऊन आत्ता काही मिळवता येतं का? तोंडाने येतं. पण ठरवलेलं पान त्या वेळी हातात असेलच असं नाही, आणि त्यावरून भांडणं होतात. नवख्यांच्या टेबलावर मी उधारी बंदच ठेवते.

एक बारीक गोष्ट. जो पुढे आहे त्याला काहीच द्यायचं नाही, असं काहीजण ठरवून टाकतात. ते तितकंसं खरं नाही. पाच जणांत तुम्ही आणि आघाडीवरचा असा सौदा झाला तर तुम्ही दोघं वर जाता, बाकी तिघं जागच्या जागी. तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर असाल तर जपून. चौथ्यावर असाल तर बिनधास्त करा.

सहावी पायरी : वाफा कधी मोडायचा

इथे एक नियम आहे जो पत्रकात दोन ओळींत येतो आणि टेबलावर दहा मिनिटं वाद घालायला लावतो. एकच पान असलेला वाफा, दुसऱ्या कुठल्या वाफ्यात एकाहून जास्त पानं असताना, मोडता येत नाही. सगळ्या वाफ्यांत एकेकच असेल तर मात्र कुठलाही मोडता येतो. म्हणजे काय, तर एका वाफ्यात सात मिरच्या, दुसऱ्यात एकटा हिरवा, आणि हातात पुढे चवळी आली तर हिरवा उपटता येणार नाही. सात मिरच्या दोन नाण्यांना विकाव्या लागतील, आठव्याच्या उंबऱ्यावरून.

म्हणून एकटं पान हा वाफ्यातला सर्वांत धोकादायक आकडा. नवी जात लावलीत की तिचं दुसरं पान लवकरात लवकर मिळवा, भाव जरा जास्त पडला तरी. दोन झाली की तो वाफा गरज पडल्यास मोडता येतो आणि तुमचं मोठं पीक वाचतं.

बाकी विक्रीबद्दल एवढंच: टप्पा गाठल्यावर, पुढच्या टप्प्याला दोन पानं लागत असतील आणि त्या जातीची पानं कुठे दिसत नसतील, तर विका. वाफा मोकळा होणं हीसुद्धा कमाई आहे. पण रिकामा वाफा हाताशी असताना उगाच विकायची घाईही नको.

तिसरा वाफा

तीन नाणी देऊन तिसरा वाफा घेता येतो. पहिल्या खेळात प्रत्येकजण तीन नाणी हातात पडताच घेतो. घ्यावा का? हिशोब करा. पाच जणांत सुरुवातीला 25 पानं हातात, गठ्ठ्यात 79. प्रत्येक पाळीला दोन उघडतात आणि तीन उचलली जातात, म्हणजे पाच. साधारण सोळा पाळ्यांत गठ्ठा संपतो. माणशी तीनच पाळ्या आणि कोणाची तरी चौथी. चौघांत गठ्ठा 84 पानांचा, माणशी चार पाळ्या. त्यानंतर टाकलेला ढीग पिसून नवा गठ्ठा होतो, पण तो बराच पातळ असतो, कारण कितीतरी पानं हातांत, वाफ्यांत आणि नाण्यांत अडकलेली असतात. तिसरा त्याहून पातळ. म्हणजे खेळाचा मोठा भाग पहिल्या गठ्ठ्यातच होतो. तिसऱ्या वाफ्याने स्वतःची तीन नाणी फेडून वर काही द्यायचं तर तो पहिल्या गठ्ठ्यात घ्यायला हवा. दुसऱ्यांदा पिसल्यानंतर घेतलेला वाफा क्वचितच पैसे परत देतो. मी स्वतः दोन्ही वाफ्यांत चांगलं पीक उभं असेल आणि हातात तिसऱ्या जातीची दोन पानं जवळजवळ असतील तरच घेते.

शेवट जवळ आला की

गठ्ठा तिसऱ्यांदा संपला की खेळ थांबतो. पानं उघडताना संपला तर त्या खेळाडूचा सौदा आणि पेरणी पूर्ण होऊ द्यायची, मग थांबायचं. सगळ्यांनी आपापले वाफे विकायचे. हातात उरलेल्या पानांची किंमत शून्य.

पहिल्या काही खेळांत मी हा शेवट पाहायचेच नाही. एकदा आठ मिरच्या घेऊन नवव्या मिरचीची वाट पाहत बसले होते, आणि ती डावीकडच्याच्या हातात होती. तो एक सोया मागत होता. माझ्याकडे सोया होता, तोही रांगेत चौथा, कधीच पेरला जाणार नव्हता. पण “सोया चांगला आहे, ठेवू या” म्हणून मी दिला नाही. दोन पाळ्यांनी गठ्ठा संपला. माझा सोया हातात, त्याची मिरची हातात, आणि मी एका नाण्याने दुसरी.

तेव्हा तिसरा गठ्ठा पंधराएक पानांवर आला की हिशोब बदला. आपली पाळी अजून किती वेळा येईल ते मोजा. बहुतेक एकदा, कधी एकदाही नाही. हाताच्या क्रमाची चिंता सोडा, कारण मागची पानं आता पेरली जाणारच नाहीत. हातातलं काहीही द्या आणि ज्या एका पानाने तुमचा वाफा पुढचा टप्पा गाठतो तेवढंच मागा. सगळे शहाणे असतील तर या शेवटच्या दोन-तीन पाळ्यांत टेबलावर एकच गलका उडतो, सगळे एकदम बोलतात, आणि ज्याची पाळी आहे त्याला कोणाचं ऐकावं कळत नाही.

नाणी मोजून झाल्यावर लगेच पुढचा डाव लावायचा असेल तर एक काम विसरू नका: सगळ्यांची नाणी पुन्हा उलटून घेवड्याची बाजू वर करा आणि मगच पिसा. न उलटता पिसली की पुढच्या डावात गठ्ठ्यातून अधूनमधून नाणं वर येतं आणि मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. उलटताना जरा पाहतही जा, कोणाच्या ढिगात कुठल्या जातीची नाणी जास्त निघाली ते. बागेतले सगळे कुठे दडले होते हा प्रश्न आमच्याकडे प्रत्येक डावानंतर कोणीतरी विचारतंच, आणि उत्तर तिथेच असतं.